ट्रिपचा खर्च

तांदूळ, तूरडाळ, कांदे, बटाटे, गोडं तेल, चहा, साखर, मसाला, विड्या, काडेपेट्या, रॉकेल. ही यादी मी तिसरीत असल्यापासून लिहीत आले. आईला अक्षरओळख नव्हती. वडील बोट निघायच्या आदल्या दिवशी जाळ्यात आणि इंजिनात गुंतलेले. आणि वाण्याला तोंडी सांगितलं की तो नेमक्या काडेपेट्या विसरायचा. भर समुद्रात काडेपेटी नसणं म्हणजे काय, हे खलाशांना विचारा.

पुढे माझी सगळी नोकरी चर्चगेटच्या एका कचेरीत हिशेब लिहिण्यात गेली. साहेब लोक दौऱ्यावर जायचे आणि परत आले की बिलं माझ्या टेबलावर यायची. तिकीट, मुक्काम, जेवण, हमाल, स्टेशनवरचा चहासुद्धा. दौऱ्याच्या तयारीतला एकही पैसा कागदावर यायचा राहत नसे. घरी मात्र तीस वर्षांच्या वह्या चाळल्या तरी अर्धी तयारी त्यात सापडत नाही. पाचूबंदरच्या मासेमारीचा इतिहास मला त्या वह्यांच्या बाजूने दिसतो, म्हणून तो तसाच सांगते.

वसईच्या किल्ल्याला खेटून, खाडी समुद्राला मिळते तिथे आमचं गाव. पलीकडे किल्लाबंदर. किल्ला १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला. आम्हा कोळ्यांच्या घरात क्रूस आला तो त्या पहिल्या काळातला. पण मासेमारी राजवटीवर चालत नसते, ती पाण्याच्या ओढीवर चालते. इथलं जुनं जाळं म्हणजे डोल. समुद्राच्या तळाशी लांबलचक खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं निमुळतं जाळं बांधायचं, तोंड ओढीकडे. पाणी धावतं तसे बोंबील, करंदी, जवळा, मांदेली आपोआप आत जातात. ओढ थांबली की जाळं उचलायचं. खुंटाच्या जागेला आम्ही कव म्हणतो, आणि कवीचा हक्क घराण्यात शेतासारखा चालत येतो.

अशा धंद्यात होडी एका पाण्याला जायची आणि पुढच्या पाण्याला परतायची. बरोबर घ्यायचं काय? भाकऱ्या, भाजलेली सुकट, कांदा आणि मडकंभर पाणी. माझी आजी सांगायची, फडकं मोठं बांधलेलं दिसलं की शेजारणी हसायच्या, नवरा मक्केला चाललाय का म्हणून. तयारी व्हायची ती हंगामाआधी, आणि ती प्रचंड. जाळी तागासणाची. सूत घरी कातायचं, जाळं घरी विणायचं. मग ऐनाची साल उकळून त्या काढ्यात ते बुडवायचं, नाहीतर खारं पाणी काही दिवसांत सूत कुजवून टाकी. हा काढा एकदा देऊन भागत नसे, हंगामभर पुन्हा पुन्हा द्यावा लागे. बायकांचे हात कोपरापर्यंत लाल राहायचे, असं आजी म्हणायची.

मासळी मुंबईला ताजी पोचवणं फार थोड्यांना जमे. शिडाच्या होडीला वारा लागतो, आणि बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, तो वाट बघत नाही. म्हणून वलांडीवर टांगून वाळवायचा. जाड मासळीला मीठ लावायचं, ते खाडीकाठच्या मिठागरांतून मिळे. खरी कामाची सफर तेव्हा बायकांचीच होती. १८६४ साली रेल्वे वसईवरून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गेली, १९३६ साली विजेची लोकल विरारला पोचली. सुके बोंबील टोपलीत कसे रचायचे, वर काय झाकायचं, वजन किती ठेवलं म्हणजे डब्यात एकटीला चढवता येईल, हे शास्त्र माझ्या आजीला पाठ होतं. पोटाला मात्र ती काही घ्यायची नाही. परतीच्या गाडीत शेंगदाणे, बस.

होडी लांब जायला लागली ती बर्फामुळे. इंजिनामुळे असं सगळे म्हणतात, पण हिशेबनीस म्हणून माझं मत वेगळं आहे. इंजिन आधी मासळी वाहून नेणाऱ्या लाँचींना लागलं, मग १९५०च्या दशकापासून सहकारी संस्थांच्या कर्जाने मासेमारीच्या होड्यांनाही बसू लागलं. त्याच सुमारास नायलॉनचं जाळं आलं आणि ऐनाची साल उकळणं संपलं. पण नुसत्या इंजिनाने जाऊन जाऊन कुठे जाणार? पकडलेलं टिकलं पाहिजे. खणात बर्फ आला तेव्हाच पापलेट, घोळ, दाढा यांच्या मागे दूरवर जाऊन आठवडाभर राहणं परवडू लागलं. पुढे पापलेट परदेशी जाऊ लागलं आणि भाव चढला. तेव्हापासून ट्रिप किती दिवसांची हे नाखवा ठरवत नाही. जेवढा बर्फ तेवढे दिवस.

बर्फ भरणं मी लहानपणी पाहिलंय. ट्रक बंदरावर यायचा, लाद्या भाताच्या तुसात गुंडाळलेल्या. एकेक लादी माणसापेक्षा जड. ती गोणपाटावर घेऊन लाकडी मोगरीने फोडायची आणि टोपल्याटोपल्यांनी खणात ओतायची. उशीर झाला की पैसे पाण्यात जाणं डोळ्यांसमोर दिसायचं, म्हणून त्या तासात कुणी कुणाशी गोड बोलत नसे. आता क्रशर आहे, खणाला थर्माकोल आहे, भांडणं तेवढीच आहेत.

पाणी हा तयारीतला सर्वांत अवघड भाग, आणि तो वहीत कधीच आला नाही. किनाऱ्याच्या विहिरींचं पाणी मचूळ. पिण्याचं पाणी लांबून हंड्यांनी आणायचं, ते पुन्हा बोटीच्या पिंपात. आठ माणसं, आठ दिवस. आई, काकू, आम्ही बहिणी, पहाटेपासून खेपा. डिझेलची पावती असे, बर्फाची असे, वाण्याची असे. आमच्या खेपांना पावती कोण देणार?

निघायचा दिवस तिथीवर ठरायचा. उधाणाला ओढ जोराची, भांगाला मंद, आणि कुठलं जाळं कधी टाकायचं ते त्यावरच. म्हणून आमच्या घरी येशूच्या तसबिरीशेजारी पूर्वी पंचांग असे आणि १९७३ साली कालनिर्णय निघाल्यावर ते टांगलं गेलं. पाहुणे बघून चकित व्हायचे. अमावास्या-पौर्णिमा धर्म विचारत नाहीत, एवढंच माझे वडील म्हणायचे.

लांब जाण्याचे परिणामही झाले. कवी खोल समुद्रात सरकत गेल्या. वसई-उत्तनच्या कवींवरून उत्तरेकडच्या गावांशी तंटे लागले, बैठका झाल्या, आणि ते पुरते मिटलेले नाहीत. सगळा दोष त्यांचा, असं मी गावची असूनही म्हणणार नाही. बर्फाने सगळ्यांनाच लांब नेलं आणि समुद्र काही वाढला नाही.

२००८ नंतर सामानात कागद आले. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट दहशतवाद्यांनी पळवली आणि तीवरून ते मुंबईकडे आले. त्यानंतर प्रत्येक खलाशाला बायोमेट्रिक ओळखपत्र, बोटीची कागदपत्रं, कोण चढलं त्याची नोंद. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबरला, फयान वादळ आलं. वायरलेस आणि लाइफ जॅकेट यांना फालतू खर्च म्हणणारे लोक तेव्हा गप्प झाले. आमच्या बोटीवर हे कागद प्लास्टिकच्या डब्यात असतात, ज्यात पूर्वी चहापूड असायची.

खलाशीही आता गावचे कमी. डहाणू-तलासरीकडचे, जव्हारचे आदिवासी, काही नेपाळी. त्यांचं घरचं गाठोडं कोण बांधतं हे आम्हाला दिसतही नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ती संपत आली की बोटी रंगतात, फादर येऊन आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात. माझा भाऊ आता यादी फोनवर बोलून पाठवतो आणि दुकानदार सगळं जेटीवर आणून टाकतो. गॅसची टाकीसुद्धा. पाणी मात्र अजून भावजयच बघते. टँकर बोलावणं, पिंपं धुणं, वाट बघत उभं राहणं.

वाटे पाडायची रीत तीच आहे. मासळी विकून आलेल्या पैशांतून आधी खर्च वजा करायचा: डिझेल, बर्फ, शिधा, दुरुस्ती. उरलेल्यात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. जाळ्यालासुद्धा वाटा आहे बघा. निवृत्त झाल्यापासून भावाच्या बोटीचा हिशेब माझ्याकडे आहे. येत्या हंगामापासून बर्फ आणि शिधा यांच्या मध्ये ‘घरचं काम’ अशी एक ओळ घालायची आणि तिच्यापुढे आकडा लिहायचा, असं मी त्याला सांगितलंय. आकडा किती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तो तुझी बायको सांगेल. त्यावर तो बंदरावर निघून गेला.