उरल्यासुरल्याची बँक

वयस्कर श्रोत्यांना ‘मिलो’ हा शब्द आठवत असेल. रेशनच्या दुकानात मिळणारी ती लालसर ज्वारी. साठ-सत्तरच्या दशकांत, आणि विशेषतः १९७२च्या दुष्काळात, ती अनेकांनी खाल्ली. ‘अमेरिकेत हे गुरांना घालतात’ असं तेव्हा घरोघर बोललं जायचं आणि त्यात तथ्यही होतं. त्याआधी ‘पीएल-४८०’चा गहू येत होता. अमेरिकेने १९५४ साली कायदा करून आपलं शिलकी धान्य परदेशी पाठवायला सुरुवात केली होती. १९६६मध्ये आपण एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं अगदी हात आखडून, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत. दुसऱ्याच्या मर्जीवर चूल पेटणं म्हणजे काय, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही.

आज मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र अमेरिकेतल्याच गरिबांची. तेच शिलकी अन्न, तीच सरकारी मर्जी. आणि या दोहोंच्या मधे उभी राहिलेली एक संस्था – अन्नबँक.

१९६७ साली ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ एका धर्मादाय भोजनगृहात काम करत होते. लोकांच्या बागांतली न तोडलेली संत्री, मोसंबी गोळा करून आणावीत, असा त्यांचा उद्योग. तिथे त्यांना दहा मुलांची एक आई भेटली. दुकानांमागे टाकून दिलेल्या मालातून ती घर चालवत होती. बँकेत पैसे ठेवतात तसं अन्न ठेवायची जागा का नसावी, असं ती म्हणाली, असं व्हॅन हेंगेल सांगत. सेंट मेरीज चर्चने त्यांना एक पडीक इमारत आणि तीन हजार डॉलर दिले. पहिल्याच वर्षात तिथून पावणेतीन लाख पौंड, म्हणजे सव्वाशे टनांच्या आसपास अन्न वाटलं गेलं. यात सरकारचा काही संबंध नव्हता.

तो आला १९७५च्या सुमारास. ही कल्पना इतर शहरांत न्यावी म्हणून केंद्र सरकारने अनुदान दिलं. १९७६च्या करकायद्याने अन्न दान करणाऱ्या कंपन्यांना नुसत्या उत्पादनखर्चाहून अधिक वजावट मिळू लागली. वेष्टण चुकलेले, लेबल वाकडे बसलेले डबे फेकण्यापेक्षा देणं परवडू लागलं. १९७९मध्ये ‘सेकंड हार्वेस्ट’ ही देशव्यापी संघटना झाली. तीच आजची ‘फीडिंग अमेरिका’. आणि दोनच वर्षांत, १९८१मध्ये, रेगन सरकारने गरिबांसाठीची जी यंत्रणा हे अनुदान देत होती तीच बंद केली.

अन्नबँकांचं वळण इथे पडलं असं मला वाटतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. कंपन्यांच्या दारी अधिक जोमाने जाऊ लागल्या. आणि ज्या छोट्या संस्था, चर्चची स्वयंपाकघरं त्यांच्याकडून माल नेत, त्यांच्याकडून पौंडामागे काही सेंट हाताळणीखर्च घेण्याची पद्धत रुजली. अन्न फुकट, पण गोदामाचं भाडं आणि गाडीचं डिझेल फुकट नाही. दानाच्या मालाला दर लावला म्हणून टीकाही झाली. पण सरकारी पैसा उद्या नसेल हे गृहीत धरल्यावर दुसरा मार्ग काय होता?

गंमत अशी, की एका हाताने पैसे काढून घेणाऱ्या सरकारने त्याच वर्षी दुसऱ्या हाताने चीज दिलं. दुधाला हमीभाव म्हणून सरकार चीज, लोणी, दूधभुकटी विकत घेत होतं. मिझुरीतल्या चुनखडीच्या खाणींत केलेल्या शीतगोदामांपर्यंत त्याचे ढीग साचले. चीजचाच साठा पन्नास कोटी पौंडांवर गेला, काहीला बुरशी लागू लागली. डिसेंबर १९८१मध्ये रेगन यांनी तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटायला मोकळं केलं. पाच-पाच पौंडांच्या त्या नारिंगी-पिवळ्या लाद्यांना ‘गव्हर्मेंट चीज’ हे नाव पडलं ते कायमचं. लोक भुकेले होते हे खरं. पण चीज निघालं ते गोदामं भरली म्हणून.

१९८३मध्ये या वाटपाचा कायदा झाला. त्याचं नाव ‘टेम्पररी इमर्जन्सी फूड असिस्टन्स प्रोग्राम’, आद्याक्षरांवरून ‘टेफॅप’. तात्पुरता, आणीबाणीपुरता. दशक संपता संपता साठे आटले. मग १९८८च्या कायद्याने सरकारने बाजारातून विकत घेऊन अन्न द्यायचं ठरवलं. १९९०मध्ये नावातला ‘टेम्पररी’ शब्द काढला आणि त्याजागी नुसता ‘द’ घातला, म्हणजे आद्याक्षरं बदलायला नकोत! आपल्याकडच्या ‘तात्पुरत्या’ शेडमध्ये वर्षानुवर्षं भरणाऱ्या शाळा आठवाव्यात. मात्र नाव कायम झालं तरी रक्कम कायम झाली नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात ती घसरली. १९९६च्या कायद्याने वर्षाला दहा कोटी डॉलरची खरेदी पुन्हा बांधून दिली. आणि त्याच कायद्याने गरिबांच्या फूड स्टॅम्पला कात्री लावली. म्हणजे रांग लांबवली, आणि रांगेपुढे ठेवायला थोडा शिधा दिला.

मालाची आवक अशी लहरी, तर वाटणी तरी नेटकी हवी. जुन्या पद्धतीत कंपन्यांकडून आलेला माल पाळीने मिळे. ज्याची पाळी त्याला फोन. बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोलाही पाळी आली म्हणून बटाटे मिळायचे. २००५मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने एक नवी रीत आली. प्रत्येक अन्नबँकेला, तिच्या भागातल्या गरिबीच्या प्रमाणात, खोटं चलन द्यायचं आणि त्यातून मालावर बोली लावायची. लिलाव म्हटल्यावर जुन्या कार्यकर्त्यांना ते रुचलं नाही. पण कळलं ते मोलाचं होतं. शेवया-पास्ता आणि सकाळच्या न्याहारीचं सीरियल यांना भारी बोली. भाजीपाला स्वस्त, कारण तो सडतो. काय दुर्मीळ आहे हे त्या खोट्या पैशाने खरं सांगितलं. व्हॅन हेंगेल त्याच वर्षी वारले.

सरकारी मदत कमी येणं हा एक त्रास. कधीकधी ती अचानक जास्त येते, तो दुसरा. २०१८मध्ये चीनशी आयातकराचं भांडण झालं, अमेरिकी शेतकऱ्यांचा माल अडला आणि सरकारने सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास डुकराचं मांस, फळं, दूध असं बरंच काही विकत घेऊन अन्नबँकांकडे धाडायचं ठरवलं. दूध लवकर संपायला हवं. शीतगृह, गाड्या, माणसं यांचाही खर्च आला. १९८१चंच चीज नव्या वेष्टणात आलं, दुसरं काय. नाही म्हणणं मात्र कुणाला जमत नाही. परतवलेला माल पुन्हा येईल याची खात्री नसते.

मार्च २०२५मध्ये उलटं चक्र फिरलं. स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घेऊन अन्नबँकांना देणाऱ्या योजनेचे सुमारे ४२ कोटी डॉलर रद्द झाले आणि टेफॅपमार्फत यायचा सुमारे ५० कोटी डॉलरचा वाढीव मालही थांबला. कुणी स्वतःच्या गंगाजळीतून खरेदी केली, कुणी खोक्यातला जिन्नस कमी केला.

ही माणसं जुळवून घेण्यात तरबेज आहेत, यात शंका नाही. पण त्यांची ताकद किती, याचा एक हिशेब फीडिंग अमेरिकाच सांगते – अन्नबँका एक जेवण पुरवतात तेव्हा ‘स्नॅप’, म्हणजे पूर्वीचे फूड स्टॅम्प, नऊ पुरवतात. त्या नवांची जागा एकाने कशी भरायची? १ ऑक्टोबर २०२५पासून केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि नोव्हेंबर उजाडला तेव्हा सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांच्या स्नॅप कार्डांवर ठरल्या दिवशी पैसे पडण्याची शाश्वती उरली नाही. रांगा वाढल्या. रांगेत पगार थांबलेले सरकारी नोकरही होते. ते २०१८-१९च्या ३५ दिवसांच्या टाळेबंदीतही आले होते. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी अन्नबँकांत मदतीला नॅशनल गार्डचे जवान धाडले आणि राज्याचे आठ कोटी डॉलर तातडीने मोकळे केले. ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, तिढा सुटला. अन्नबँकांत नेहमीच गर्दीचा असणारा थँक्सगिव्हिंगचा सण तेव्हा पंधरा दिवसांवर होता.