कॉर्नरो (केशरचना)

कॉर्नरो ही मूळची आफ्रिकी केशरचना असून तीत डोक्यावरील केसांच्या अरुंद पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीची तीनपेडी वेणी त्वचेलगत ओळीने गुंफली जाते. पश्चिम, मध्य व पूर्व आफ्रिका, कॅरिबियन बेटे, ब्राझील, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ब्रिटन येथील आफ्रिकी वंशाच्या स्त्री-पुरुषांत ती प्रचलित आहे. लांबी व जाडी वाढवण्यासाठी तीत पुष्कळदा गंगावन, म्हणजे कृत्रिम अथवा मानवी केसांची जोड, मिसळले जाते. घट्ट कुरळ्या केसांची रोजच्या विंचरण्यातून सुटका होत असल्यामुळे ही रचना 'संरक्षक' गणली जाते. मात्र हे संरक्षण वेणी किती सैल घातली आहे, गंगावन किती जड आहे आणि ती किती आठवडे डोक्यावर राहते, यांवर अवलंबून असते.

नाव आणि रचना

कॉर्नरो या शब्दाचा अर्थ मक्याच्या शेतातील ओळ असा आहे. कॅरिबियन बेटांवर, जेथे गुलामांना उसाच्या मळ्यांत राबवले जाई, तेथे याच रचनेला केनरो म्हणजे उसाची ओळ म्हणतात. नायजेरियातील योरुबा भाषेत वेण्यांच्या दिशेनुसार व आकारानुसार निरनिराळी नावे आहेत. डोक्याच्या माथ्यावर टोपलीसारख्या एकत्र येणाऱ्या वेण्यांना शुकू म्हणतात, तर मागे मानेकडे जाणाऱ्या एका प्रकाराचे नाव 'पाय नसलेली गोगलगाय' अशा अर्थाचे आहे.

महाराष्ट्रात परिचित असलेली सागरवेणी ही रचनेच्या दृष्टीने कॉर्नरोची जवळची नातलग होय. दोन्हींत वेणी पुढे सरकत असताना बाजूच्या बटा पेडांत घेतल्या जातात. फरक असा, की सागरवेणीत पेड एकमेकांवरून नेतात, तर कॉर्नरोत ते खालून नेले जातात. त्यामुळे वेणी त्वचेवर उठावाने दिसते. शिवाय डोक्यावर एकच वेणी नसून सहा-आठपासून कित्येक डझनांपर्यंत ओळी असतात.

गंगावन

कॉर्नरोसाठी बहुधा कृत्रिम धाग्यांचे गंगावन वापरतात. त्यात जपानमधील कानेका या कंपनीचा कानेकॅलॉन हा मोडॅक्रिलिक धागा विशेष प्रसिद्ध आहे. हा धागा स्वस्त, हलका आणि किंचित खरखरीत असल्याने कुरळ्या केसांत पक्का बसतो. मानवी केस महाग असतात आणि वेणीतून निसटतात. जगाच्या बाजारातील मानवी केसांचा मोठा वाटा भारतातून जातो. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थानातर्फे लिलाव होतो आणि त्यांपासून बनलेली गंगावने व टोप अमेरिका-युरोपात विकले जातात.

गंगावन जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत कपाळाच्या कडेवरच गंगावनाची जुडी अडकवून वेणी सुरू करतात. त्यामुळे डोक्यावरील सर्वांत नाजूक केसांवर पहिल्याच क्षणी पूर्ण वजन येते. दुसऱ्या पद्धतीत वेणीची सुरुवात स्वतःच्या केसांनी करून गंगावनाच्या बारीक बटा पुढे पुढे मिसळत जातात. ही पद्धत अधिक वेळखाऊ आहे, पण केसांच्या कडेचा विचार करता तीच श्रेयस्कर ठरते.

कृत्रिम धाग्यांमुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून वापरण्यापूर्वी ते पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून धुण्याची प्रथा आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कृत्रिम गंगावनाच्या १० नमुन्यांपैकी ९ नमुन्यांत शिसे आढळले होते. वेण्यांची टोके मिटवण्यासाठी ती उकळत्या पाण्यात बुडवतात. या क्रियेत विशेषतः लहान मुलींना भाजण्याचे प्रकार घडतात.

इतिहास

नायजेरियातील प्राचीन नोक संस्कृतीच्या मृण्मूर्तींवर बारकाईने घडवलेल्या केशरचना दिसतात. आफ्रिकेच्या अनेक समाजांत वेण्यांची मांडणी व्यक्तीचे कुल, वय किंवा वैवाहिक स्थिती दर्शवीत असे. कोलंबियातील गुलामांनी वेण्यांच्या ओळींत पलायनाचे मार्ग गुंफल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. ती मौखिक परंपरेवर आधारलेली आहे.

अमेरिकेत आफ्रिकी केसांकडे दीर्घकाळ हीनतेच्या नजरेने पाहिले गेले. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात कृष्णवर्णीय मुक्त स्त्रियांना केस फडक्याने झाकण्याचे बंधन घालण्यात आले. विसाव्या शतकात केस रसायनांनी सरळ करण्याची चाल रूढ झाली. १९६० व १९७० च्या दशकांत नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर नैसर्गिक केसांचा अभिमान वाढला आणि अभिनेत्री सिसली टायसन यांच्यासारख्या कलावंतांनी कॉर्नरो उघडपणे मिरवले. १९७९ च्या '१०' या चित्रपटात श्वेतवर्णीय अभिनेत्री बो डेरेक यांनी मण्यांच्या वेण्या घातल्या, तेव्हा त्यांचे नवी फॅशन म्हणून कौतुक झाले. कृष्णवर्णीय स्त्रियांना याच वेण्यांपायी नोकरीत अडचणी येत होत्या, हा विरोधाभास तेव्हापासून टीकेचा विषय आहे. पुरुषांत ही रचना लोकप्रिय करण्यात बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हरसन यांचा वाटा मोठा होता.

१९८१ मध्ये रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स या खटल्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने कॉर्नरोवरील कंपनीची बंदी वैध ठरवली. वेणी हा जन्मजात गुण नसून बदलता येणारी शैली आहे, असा न्यायालयाचा तर्क होता. याउलट २०११ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने एका शाळेने मुलग्याला कॉर्नरो घालण्यास केलेली मनाई अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव ठरवली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये क्राउन कायदा संमत करून केसांचा पोत व वेण्यांसारख्या रचना यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध केला. त्यानंतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

किती काळ ठेवावी

केवळ स्वतःच्या केसांची कॉर्नरो साधारणतः एक ते दोन आठवडे ठेवतात. गंगावनासह घातलेली रचना चार ते सहा आठवडे टिकते. आठ आठवडे ही तिची कमाल मर्यादा समजावी. लहान मुले, विरळ केस असलेल्या व्यक्ती आणि रसायनांनी केस सरळ केलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत ही मुदत याहून कमी असावी. वेण्यांसाठी खर्च झालेले पैसे आणि बैठकीचे तास वसूल व्हावेत म्हणून त्या तीन-तीन महिने ठेवल्या जातात. हा हिशेब समजण्याजोगा असला तरी केसांच्या दृष्टीने महागात पडणारा आहे.

या मर्यादेमागे मुख्यतः दोन कारणे आहेत. पहिले कारण केसांच्या गळतीचे. निरोगी डोक्यावरून रोज सुमारे ५० ते १०० केस नैसर्गिकरीत्या गळतात. मोकळे केस विंचरताना ते फणीत येतात, पण वेणीत ते जागच्या जागी अडकून राहतात. सहा आठवड्यांत अशा केसांची संख्या २,१०० ते ४,२०० पर्यंत जाते. हे सुटे केस शेजारच्या जिवंत केसांभोवती गुरफटतात. त्यांत तेल, धूळ आणि मृत त्वचेचे कण मिसळून वेणीच्या मुळाशी राखाडी गाठी तयार होतात. जितका उशीर होईल तितक्या त्या घट्ट होतात, आणि शेवटी गुंता सोडवताना धडधाकट केसही तुटतात.

दुसरे कारण केसांच्या वाढीचे. डोक्याचे केस महिन्याला सरासरी एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. घट्ट कुरळ्या आफ्रिकी केसांचा वेग याहून काहीसा कमी असतो. वाढलेला भाग वेणीबाहेर राहतो, त्यामुळे वेणी त्वचेपासून सुटून हलू लागते. सुरुवातीला पूर्ण पट्टीत विभागलेले गंगावनाचे वजन आता मोजक्या केसांवर लोंबकळते आणि प्रत्येक हालचालीबरोबर ते पिळले जातात. वेण्या विस्कटलेल्या दिसतात म्हणून तीन-चार आठवड्यांनी केवळ कपाळालगतच्या दोन-तीन ओळी नव्याने घालण्याची रीत आहे. रचना त्यामुळे ताजी दिसते, पण ज्या केसांना विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यांनाच पुन्हा ओढ बसते. ही दुरुस्ती करायचीच झाल्यास एकदाच करावी.

वेण्यांमुळे केस जलद वाढतात, हा समज चुकीचा आहे. वाढीचा वेग त्वचेतील केशमूळ ठरवते. वेणीचा त्यावर परिणाम होत नाही. आफ्रिकी केसाचा छेद लंबवर्तुळाकार असतो आणि प्रत्येक वळणाशी तो सहज तुटतो. वेणीत हे तुटणे कमी होऊन मिळालेली लांबी टिकते, एवढेच.

ओढीमुळे होणारी केशहानी

सततच्या ओढीमुळे केस जाण्याच्या विकारास वैद्यकात ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. त्याचे पहिले वर्णन १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील, केस घट्ट वर बांधणाऱ्या स्त्रियांच्या संदर्भात झाले. त्यामुळे हा एखाद्या वंशाचा रोग नव्हे. भारतात केसांची घट्ट गाठ बांधणाऱ्या शीख पुरुषांतही तो आढळला आहे. मराठीत ज्याला चाई म्हणतात तो विकार वेगळा असून त्याचे कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाड हे आहे.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३२ टक्के प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांत हा विकार आढळला. पुरुषांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच संशोधकांच्या पुढील अभ्यासात, रसायनांनी सरळ केलेल्या केसांवर वेण्या घातल्यास धोका सर्वाधिक असल्याचे दिसून आले.

विकाराची सुरुवात कपाळाच्या कडेवर आणि कानशिलांपाशी होते. वेणी घातल्यावर दुखणे, डोके ठणकणे, केसांच्या मुळाशी लाली, बारीक पुटकुळ्या किंवा पू दिसणे आणि केसाभोवती पांढरी नळीसारखी आवरणे येणे ही आरंभीची लक्षणे होत. दुखणे हे वेणी पक्की बसल्याचे लक्षण मानण्याची समजूत घराघरांत आढळते आणि मुलींना ते सोसायला शिकवले जाते. प्रत्यक्षात तो इशारा असतो, आणि अशी वेणी त्याच दिवशी सोडावी. पुढील अवस्थेत कडेचे केस विरळ होतात, मात्र अगदी कपाळालगत आखूड, बारीक केसांची एक झालर शिल्लक राहते. या खुणेवरून त्वचारोगतज्ज्ञ निदान करतात.

आरंभीच्या अवस्थेत ओढ थांबवल्यास केस परत येतात. गरजेनुसार दाह कमी करणारी औषधे, प्रतिजैविके व मिनॉक्सिडिल दिले जाते. ओढ वर्षानुवर्षे चालू राहिल्यास केशमुळांच्या जागी व्रणऊती तयार होते. मग औषधांचा उपयोग होत नाही आणि केशरोपण हाच पर्याय उरतो.

निगा

वेण्या असतानाही एक-दोन आठवड्यांनी डोके धुणे आवश्यक असते. पाण्यात पातळ केलेला शाम्पू बारीक तोंडाच्या बाटलीने ओळींमधील भांगांत सोडून बोटांच्या पेरांनी हलके चोळतात. नंतर वेण्या आतपर्यंत वाळणे महत्त्वाचे असते, कारण गंगावन पाणी धरून ठेवते आणि ओलसरपणामुळे दुर्गंधी व त्वचेचे विकार संभवतात. कृत्रिम धागा उष्णतेने आक्रसत असल्याने कडक गरम हवा टाळतात. हलके तेल थोड्या प्रमाणात पुरते. घट्ट मलमांचे थर धूळ ओढून घेतात. रात्री सॅटिनचा रुमाल किंवा टोपी घातल्यास सुती उशीवर केस घासले जात नाहीत.

वेण्या सोडवणे

गंगावन कापताना स्वतःच्या केसांचे टोक कोठे संपते हे आधी चाचपून पाहावे लागते. त्याच्या बऱ्याच खालीच कात्री लावतात. वेणी टोकाकडून मुळाकडे उलगडतात. मुळाशी जमलेल्या गाठींवर तेल किंवा कंडिशनर लावून त्या बोटांनी फोडतात आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून वर विंचरतात. हे सर्व डोके धुण्यापूर्वी करावे, कारण गाठी तशाच ठेवून पाणी घातल्यास केस नमद्यासारखे एकजीव होतात. या वेळी ओंजळभर केस हाती येतात. त्यांतील बहुतेक केस मागील आठवड्यांत गळून वेणीत अडकलेले असतात. टोकाला पांढरा ठिपका असलेला केस मुळापासून गळलेला असतो, ठिपका नसलेला आखूड तुकडा तुटलेल्या केसाचा असतो. असे तुकडे अधिक दिसल्यास पुढील वेणी सैल, कमी वजनाची आणि कमी मुदतीची घालावी.

दोन रचनांमध्ये किमान एक-दोन आठवडे केस मोकळे किंवा सैल बांधलेले ठेवतात आणि पुढच्या वेळी भांगांची दिशा बदलतात, म्हणजे तेच केस पुन्हा त्याच बाजूला ओढले जात नाहीत.