अडगावच्या रणातील पलटणींचा माग

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील वऱ्हाडची मोठी लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव आणि सिरसोली या गावांच्या परिसरात झाली. ही गावे आज अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहेत. वाशीमच्या अभ्यासकालाही अकोल्याचेच गॅझेटियर उघडावे लागते. जुना बासीम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला होता, आणि वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

या लढाईत ‘फ्रेंच पलटणी’ होत्या, असा समज सहज होतो. शिंद्यांचे कवायती कंपू द बॉयन आणि पेराँ या फ्रेंचभाषक सेनानींनी घडवलेले होते, हे खरे. पण २३ सप्टेंबरला असईच्या रणात त्यांची फळी मोडली. तिथेही सेनानी होता पोलमन, म्हणजे हॅनोव्हरचा जर्मन. ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि असीरगड पडले आणि बरेच युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या स्वाधीन झाले. अडगावला मराठ्यांचे पायदळ आणि तोफा उभ्या राहिल्या त्या नागपूरकर भोसल्यांच्या. त्यांचे नेतृत्व रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. शिंद्यांच्या बाजूने आले ते मुख्यतः घोडदळ.

इंग्रज पलटणींचा माग लागतो तो आर्थर वेलस्लीच्या, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीच्या खलित्यांतून. २५ नोव्हेंबरला आपण राजुऱ्यावरून घाट उतरलो, असे तो लिहितो. राजूर घाट बुलढाण्याजवळ आहे आणि राजुरा नावाचे गाव वाशीमच्या मालेगाव तालुक्यातही आहे. केवळ नावावरून यांपैकी राजुरा कोणते, याचा निकाल लावणे धोक्याचे. रोजचा मुक्काम आणि मजलेचे अंतर ताडूनच वाट ठरवावी लागते.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या सरकारी खलित्यात हालचालींचा क्रम स्पष्ट आहे. दिवस कलला असतानाही वेलस्लीने हल्ल्याचा निर्णय घेतला. फौज एका रांगेत पुढे आली आणि मग दोन फळ्यांत उभी राहिली: पुढे पायदळ, मागे घोडदळ. उजवी बाजू जरा पुढे काढलेली होती. ७४ व्या आणि ७८ व्या रेजिमेंटवर एक मोठी तुकडी चालून आली, ती इराणी असावी असा खलित्याचा तर्क आहे. ती तुकडी पार कापली गेली. शिंद्यांच्या स्वारांनी डाव्या टोकाच्या सहाव्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीवर घोडी घातली, पण तो हल्ला परतवला गेला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. सूर्य मावळायला वीसेक मिनिटे उरली असताना घोडदळ सुटले, आणि पाठलाग चांदण्यात चालला.

याच खलित्यात एक मोघम वाक्य आहे: आघाडीच्या पायदळात काहीसा गोंधळ झाल्याने फळी उभारायला थोडा वेळ लागला. २ डिसेंबरच्या खासगी पत्रात मात्र वेलस्ली मोकळेपणाने लिहितो की, असईला उत्तम लढलेल्या तीन पलटणी तोफांचा मारा सुरू होताच पळाल्या. तो जवळच होता म्हणून त्याला त्या सावरता आल्या. पलटणीचा इतिहास लिहिणारा केवळ सरकारी खलित्यावर विसंबला, तर या शिपायांची पळापळही हरवते आणि पुन्हा सावरून रणात उभे राहणेही. हे दुसरे पहिल्याहून कठीण होते. वेलस्लीसोबत असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची पत्रेही याच कामासाठी मोलाची आहेत. तो पुढे नागपूरला रेसिडेंट झाला.

मराठ्यांच्या बाजूचे चित्र या इंग्रजी कागदांत लांबूनच दिसते. सुमारे पाच मैलांची रांग, मध्याच्या डावीकडे पायदळ आणि तोफा, उजवीकडे शिंद्यांचे दाट घोडदळ आणि त्याच्याही पलीकडे पेंढारी, एवढेच. कोणते पथक कोणत्या सरदाराचे, हे खलित्यात नाही. त्यासाठी मोडी कागदच वाचायला हवेत.

१५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि वऱ्हाड निजामाकडे गेले. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. फ्रेंचांना, किंवा इंग्रजांशी युद्धात असलेल्या इतर कोणत्याही सत्तेच्या माणसांना चाकरीत ठेवणार नाही, असे कलमही भोसल्यांना याच तहात मान्य करावे लागले.