शेअर केलेला फोल्डर कुठे गेला?

ऑक्टोबर २०१७मध्ये विंडोज १०ची १७०९ क्रमांकाची आवृत्ती आली आणि पुढच्या काही महिन्यांत लहान कार्यालयांमधून एकसारखी तक्रार ऐकू येऊ लागली: नेटवर्कमध्ये काहीच दिसत नाही. शेजारच्या टेबलावरचा संगणक चालू आहे, इंटरनेट आहे, केबल जागच्या जागी आहे, पण ‘नेटवर्क’ उघडलं की खिडकी रिकामी. चकवा असा, की अनेक ठिकाणी अपडेट झालं त्या दिवशी सगळं ठीक होतं. बिघाड नंतर उगवला. फाइल शेअरिंगची सर्वांत जुनी पद्धत, म्हणजे एसएमबी १, एकूण १५ दिवस कोणी वापरली नाही तर ती आपणहून काढून टाकायची, अशी तजवीज मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीच्या होम आणि प्रो प्रकारांत केली होती. मशीन बंद असलेला वेळ त्यात धरायचा नव्हता. ज्या जुन्या नेटवर्क डिस्कवर महिन्यातून एकदाच बॅकअप घेतला जाई, तिची वाट अशी न सांगता बंद झाली, आणि ते कळलं थेट महिनाअखेरीला.

अपडेटनंतर शेअरिंग मोडण्याची ही पहिली खेप नव्हती. गेल्या जवळजवळ तीस वर्षांत ते अनेकदा मोडलं आहे, आणि प्रत्येक वेळी मोडलेला भाग वेगळा असला तरी कारणाचं मूळ बहुतेकदा एकाच ठिकाणी सापडतं.

ते मूळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं आहे. डॉसवर चालणारा प्रोग्राम फाइल उघडण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला जी विनंती करतो, ती वाटेतच अडवून दुसऱ्या संगणकाकडे धाडता येईल, हे आयबीएममधल्या बॅरी फायगनबॉम यांनी करून दाखवलं. फाइल आपल्या मशीनवर नाही, याचा प्रोग्रामला पत्ताही लागत नसे. सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजेच एसएमबी, हा प्रोटोकॉल त्यातून आला. १९८४मध्ये आयबीएमने पीसी नेटवर्क विक्रीला काढलं, त्यासाठी सायटेक कंपनीने नेटबायोस तयार केलं होतं. त्यात प्रत्येक नावासाठी १६ जागा. विंडोजच्या नेटवर्कमध्ये त्यांतल्या १५ संगणकाच्या नावाला आणि सोळावी सेवेचा प्रकार सांगायला. संगणकाला लांबलचक नाव द्यायला गेलं की विंडोज आजही १५ अक्षरांशी अडतं, ते या हिशेबामुळे.

तेव्हाचं नेटवर्क म्हणजे एका खोलीतली, फार तर एका मजल्यावरची मोजकी मशीनं. प्रत्येक मशीन आपलं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं. पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जायचा. केबलवर जो आहे तो आपल्यातलाच, हे गृहीत होतं आणि त्या खोलीपुरतं ते खरंही होतं. पुढे ऑक्टोबर १९९२मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्स आलं, मग विंडोज ९५ आलं, आणि हीच व्यवस्था चार-पाच संगणकांच्या प्रत्येक कार्यालयात पोहोचली. सीएच्या कार्यालयात टॅलीचा डेटा एका मशीनवर आणि बाकीची मशीनं ‘झेड ड्राइव्ह’ मॅप करून त्यावर काम करताहेत, ही आपल्याकडची ओळखीची रचना त्याच घराण्यातली.

खरं तर नेटवर्कमधल्या संगणकांची ती यादी निरोगी असतानाही पुरती भरवशाची नव्हती. ती सांभाळण्यासाठी मशीनं आपसांत निवडणूक घेत आणि जिंकलेलं मशीन यादी ठेवी. स्थिरावलेलं मशीन दर १२ मिनिटांनी आपली हजेरी लावी आणि तीन हजेऱ्या चुकल्या की यादीतून नाव जाई. म्हणजे बंद पडलेला संगणक ३६ मिनिटं यादीत दिसू शके आणि नुकताच चालू केलेला दिसायला वेळ लागे. अनुभवी माणसं म्हणूनच यादीकडे बघत बसत नसत. दोन बॅकस्लॅश देऊन पुढे थेट आयपी पत्ता टाइप करणं, ही या दुरुस्तीतली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी युक्ती आहे. मशीन यादीत दिसणं, मशीनपर्यंत पोहोचणं आणि पोहोचल्यावर त्याने आपल्याला ओळखणं, या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. आयपी टाकून फोल्डर उघडला तर बिघाड फक्त पहिल्या गोष्टीत. पासवर्ड विचारला आणि नाकारला तर तिसऱ्यात. इतकं कळलं की अर्धं काम झालं.

तिसऱ्या गोष्टीचा मोठा फटका १९९७मध्ये बसला, आणि तो समजण्यासाठी कॅनबेरात डोकवावं लागतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉस पीसीवरून सन कंपनीच्या युनिक्स मशीनवरच्या फाइल हव्या होत्या. पीसीवर डिजिटल कंपनीचं पाथवर्क्स होतं आणि त्याच्या प्रोटोकॉलचं वर्णन त्यांच्या हाती नव्हतं. त्यांनी तारेवरून जाणारी पाकिटं टिपली, कोणत्या विनंतीला कोणतं उत्तर येतं ते पाहिलं आणि तसंच वागणारा सर्व्हर लिहिला. जानेवारी १९९२मध्ये त्यांनी तो सर्वांसाठी खुला केला. भाषा न येणाऱ्या माणसाने फ्रेंच कॅफेत बसून, गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय आणून देतो हे पाहत भाषा शिकावी, अशी तुलना त्यांनी स्वतःच पुढे या पद्धतीसाठी वापरली. तो सर्व्हर म्हणजे आजचा सांबा. युनिक्स आणि लिनक्स मशीनवरचे फोल्डर विंडोजला दिसू लागले ते त्याच्यामुळे, आणि बाजारातल्या कितीतरी नेटवर्क डिस्कच्या पोटातही तोच आहे.

मे १९९७मध्ये विंडोज एनटी ४चा तिसरा सर्व्हिस पॅक आला. त्याने साध्या अक्षरांत पासवर्ड पाठवणं बंद केलं. सुरक्षेच्या बाजूने निर्णय योग्यच होता, कारण तारेवर कान ठेवणाऱ्या कोणालाही तो पासवर्ड वाचता येत होता. पण साध्या पासवर्डवर चालणाऱ्या सांबा सर्व्हरांनी सर्व्हिस पॅक टाकलेल्या मशीनना नकार द्यायला सुरुवात केली. सांबाच्या मंडळींनी दोन वाटा दिल्या. सोपी वाट म्हणजे रजिस्ट्रीत एक नोंद करून विंडोजला पुन्हा साधा पासवर्ड पाठवायला लावायचं. त्यासाठीच्या तयार फाइली सांबाच्या कागदपत्रांसोबतच येत. कष्टाची वाट म्हणजे सर्व्हरवर सांकेतिक पासवर्ड सुरू करायचे. युनिक्सचे पासवर्ड वेगळ्या रीतीने साठवलेले असल्याने त्यासाठी प्रत्येकाचा पासवर्ड नव्याने भरावा लागे. घाईत बहुतेकांना सोपी वाट आवडणार हे उघड आहे. तरी सांबाने स्वतःची मूळ रचना बदलली: २००३च्या ३.० आवृत्तीपासून सांकेतिक पासवर्ड आपोआप सुरू राहू लागले.

जुनी सवय सोडवणारी नवी आवृत्ती आणि ती सवय परत आणणारी एखादी नोंद, ही जोडी इथून पुढे सतत भेटते. २००१च्या विंडोज एक्सपीने नेटब्यूई या जुन्या वाहक प्रोटोकॉलचा आधार काढला, पण त्याच्या फाइली सीडीच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठेवून दिल्या. गरजूंनी त्या शोधून हाताने बसवल्या. एक्सपीत पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत येणंही थांबलं. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने फायरवॉल आपोआप चालू केली. आदल्याच वर्षी ब्लास्टर वर्मने घातलेला धुमाकूळ ताजा होता. त्या वेळी मोडली ती दुसरी गोष्ट, पोहोचण्याची. बरोबर दुरुस्ती एवढीच होती, की फायरवॉलच्या अपवादांत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’वर खूण करायची. अख्खी फायरवॉल बंद करायचा सल्ला तेव्हाही सर्रास दिला गेला आणि आजही दिला जातो. फोल्डर त्याने दिसतो, आणि सोबत बाकी सगळंच उघडं पडतं.

व्हिस्टाने २००७मध्ये पुन्हा ओळखीवर बोट ठेवलं. ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतींनी उत्तर पाठवणं तिने थांबवलं आणि जुन्या नेटवर्क डिस्क अचूक पासवर्डही नाकारू लागल्या. मॅकवाल्यांना असाच अनुभव २०११मध्ये मॅकची लायन ही आवृत्ती आल्यावर आला. कित्येक डिस्कवरचे टाइम मशीनचे बॅकअप उत्पादकाचं नवं फर्मवेअर येईपर्यंत अडले. व्हिस्टाचं मोठं काम मात्र पडद्यामागचं होतं. शंभराहून अधिक आज्ञांचं गाठोडं झालेला एसएमबी तिने १९ आज्ञांवर आणला. हा एसएमबी २. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, युरोपीय आयोगाच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टचं अपील सप्टेंबरमध्ये फेटाळलं गेल्यानंतर, प्रोटोकॉलची कागदपत्रं एकरकमी १०,००० युरोंच्या मोबदल्यात सांबापर्यंत पोहोचतील असा करार झाला. पंधरा वर्षं पाकिटं पाहून शिकलेल्यांच्या हाती प्रथमच अधिकृत वर्णन आलं.

तरीही एसएमबी १ जागचा हलला नाही. नव्या आवृत्त्यांच्या सोबतीला तो चालूच राहिला, कारण कुठला तरी कॉपियर, कुठली तरी डिस्क त्याच्यावर अवलंबून होती. सप्टेंबर २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचं काम पाहणारे नेड पाइल यांनी, एसएमबी १ वापरणं थांबवा, असं जाहीरपणे आणि कळकळीने लिहिलं. ते न थांबवण्याची किंमत पुढच्या वर्षी सगळ्यांना दिसली. एसएमबी १च्या अंमलबजावणीतल्या चुकांवर बेतलेलं इटर्नलब्लू हे हत्यार एप्रिल २०१७मध्ये उघड झालं. मार्चमध्येच दुरुस्ती देण्यात आली होती, पण असंख्य मशीनवर ती पोहोचली नव्हती. १२ मे रोजी त्यावर स्वार झालेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मने ब्रिटनच्या रुग्णालयांसह सुमारे १५० देशांतल्या संगणकांना गाठलं. जूनअखेरीला त्याच हत्याराचा वापर करणारा नॉटपेट्या आला, मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला आणि तिच्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवा इथल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. एका खोलीपुरत्या विश्वासावर उभी राहिलेली व्यवस्था उरणच्या किनाऱ्यावर कंटेनर अडकवू शकते, हे तेव्हा दिसलं.

त्यानंतर चारच महिन्यांनी १७०९ आवृत्ती आली. तिच्या आसपास बाकीच्यांनीही हेच केलं: लिनक्सच्या ४.१३ कर्नेलने जोडणीची मूळ आवृत्ती एसएमबी १वरून पुढे सरकवली, आणि २०१९मध्ये सांबा ४.११ने तो आपणहून बंद ठेवला. विंडोजमधल्या रिकाम्या खिडकीचं कोडंही इथेच सुटतं. संगणकांची ती जुनी, निवडणुकीवाली यादी एसएमबी १वरच उभी होती. ती पद्धत गेली तशी यादीही गेली. नवी पद्धत जाणणाऱ्या मशीनवरचे फोल्डर जागेवर होते, पोहोचताही येत होतं, फक्त दिसत नव्हतं. ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आपोआप सुरू होईल अशी ठेवली की नव्या पद्धतीची यादी भरते. बऱ्याच जणांनी त्याऐवजी ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी १ परत बसवला, आणि हाताने परत बसवलेला तो विंडोज पुन्हा आपणहून काढत नाही. मायक्रोसॉफ्टचाही यात दोष आहे. कारणं वेगवेगळी असूनही अनेकदा पडद्यावर ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ आणि ०एक्स८००७००३५ हा आकडा एवढंच दाखवायचं, तर सामान्य माणसाने योग्य दुरुस्ती शोधायची कुठे?

अलीकडची खेप विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीची आहे, ऑक्टोबर २०२४ची. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने विंडोज ११कडे वळणाऱ्यांची रीघ लागली. प्रो प्रकारात आता प्रत्येक संदेशावर सांकेतिक सही सक्तीची आहे आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शिरणंही बंद आहे. जुन्या डिस्कला सही करता येत नसेल तर जोडणी तुटते. ‘सगळ्यांना खुला’ ठेवलेला फोल्डर धोरणाचं कारण देऊन नाकारला जातो. दोन्ही सक्ती शिथिल करता येतात, पण पाहुण्याचा प्रश्न सोडवायला डिस्कवर एक खातं उघडून खरा पासवर्ड देणं पुरतं आणि त्याला फारसा वेळही लागत नाही. सहीसाठी आधी डिस्कच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ बंद तर नाही ना ते पाहावं, मग फर्मवेअर.

सर्वांत चिवट दुखणं जुन्या कॉपियरचं. स्कॅन केलेला कागद थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकणारी ही यंत्रं दहा-बारा वर्षं सहज चालतात आणि त्यांतल्या अनेकांना एसएमबी १च येतो. उत्पादकाचं नवं फर्मवेअर नसेल तर स्कॅन ईमेलने किंवा एफटीपीने घेता येतो. तेही जमत नसेल, तर मध्ये सांबा चालवणारं एक लहानसं लिनक्स मशीन बसवतात. त्यात दोन नेटवर्क कार्डं: एकावर फक्त कॉपियर, त्याच्यापुरता एसएमबी १, दुसऱ्यावर कार्यालयातली मशीनं, एसएमबी ३ने जोडलेली.