अवधि मोजणारें घड्याळ व त्याची दुरुस्ती

वेळ सांगणें व अवधि मोजणें या दोन क्रिया एकच आहेत, असा सामान्य समज आहे. वस्तुतः त्यांत मोठें अंतर आहे. सकाळचे दहा वाजले, हें साधें घड्याळ सांगतें. परंतु अमुक कार्य सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती सेकंद लोटले, हें अचूक सांगण्यास निराळी योजना लागते. नागपूरचाच दाखला घेऊं. ता. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची जी व्यवस्था सुरू झाली, तींत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत व परत फिरत. खालची भूमि दिसत नसतां, अमुक वेगानें अमुक वेळ चाललों म्हणजे अमुक अंतर काटलें, हा हिशोब वैमानिकाचा मोठा आधार असतो. ताशीं १५० मैलांच्या वेगांत एका मिनिटाची चूक म्हणजे अडीच मैलांची चूक. एकाच मनगटी घड्याळांत वेळ व अवधि हीं दोन्ही कामें साधणारी जी युक्ति, तिला क्रोनोग्राफ म्हणतात.

इ. स. १८१६ मध्यें लुई म्वाने या फ्रेंच कारागिरानें सेकंदाचा साठावा भाग दाखविणारें यंत्र पुरें केलें. इ. स. १८२१ मध्यें निकोला रिओसेक यानें पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतींत असें यंत्र वापरलें कीं, घोडा अंतिम रेषा ओलांडतांच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. क्रोनोग्राफ या नांवाचा अर्थच ‘काळ लिहिणारा’ असा आहे. पुढें शाई गेली, नांव मात्र राहिलें. पण खरी अडचण निराळीच होती. मोजणी संपल्यावर काटा क्षणांत शून्यावर कसा आणावा? ॲडॉल्फ निकोल यानें इ. स. १८४४ मध्यें पेटंट घेतलेल्या युक्तीनें ती सुटली. काट्याच्या आसावर बदामाच्या आकाराची एक चकती बसवावयाची. तिच्यावर लहानशी हातोडी दाबली कीं, बदाम कोणत्याहि स्थितींत असो, तो घसरत फिरतो व त्याची खांचेची बाजू हातोडीखालीं येतांच थांबतो. तीच शून्याची जागा.

या इतिहासांतच दुरुस्तीचें पहिलें सूत्र आहे. क्रोनोग्राफ हें स्वतंत्र घड्याळ नव्हे. चालत्या घड्याळावर चढविलेला तो एक मजला होय. जुन्या रचनेंत बटन दाबतांच मूळ घड्याळाच्या सेकंदचाकाबरोबर फिरणारें एक जोडचाक सरकून मोठ्या काट्याच्या चाकांत अडकतें, व काटा चालूं लागतो. म्हणून पाया तपासल्यावांचून मजल्यास हात लावूं नये. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळाचें बॅलन्स चाक, तबकडी वर ठेवली असतां, सुमारें २७० ते ३०० अंशांचा झोका घेतें. क्रोनोग्राफ बंद असूनहि हा झोका २०० अंशांवर आला असेल, तर दोष मुळांतच आहे: वाळलेलें तेल, थकलेली कमान किंवा मळलेले आस. बंद असतां झोका उत्तम, पण सुरू करतांच तो फार घसरतो, असें दिसल्यास मात्र दोष वर शोधावा. बहुधा जोडचाक गरजेपेक्षां खोल रुतलेलें असतें, किंवा काट्याच्या चाकास दाबून धरणारी बारीक स्प्रिंग फार ताठ असते. उलट, जोडचाक उथळ लागलें तर दाते निसटून काटा अडखळतो. स्प्रिंग सैल असली तर तो थरथरत चालतो.

काटा शून्यावर येत नसेल, तर दहा वेळां बटन दाबून पाहावें. प्रत्येक वेळीं तो त्याच चुकीच्या खुणेवर थांबत असेल, तर बदाम व हातोडी बहुधा निर्दोष असून काटाच आसावर फिरून बसला आहे. दर वेळीं जागा बदलत असेल, तर हातोडी पुरती टेकत नाहीं, अथवा वाटेंत कांहीं अडते आहे. स्थिर चूक व चंचल चूक यांचा हा विवेक न करतां जो समोर दिसेल तो स्क्रू फिरवितो, तो एका दोषाचे तीन दोष करतो. कारण चाकांची खोली ठरविणाऱ्या स्क्रूंचीं डोकीं मुद्दाम मध्यापासून ढळतीं ठेवलेलीं असतात; तीं केसभर फिरलीं तरी सर्व मेळ बिघडतो. म्हणून फिरविण्यापूर्वीं मूळ जागेची खूण करावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

कधीं कधीं तर दोष म्हणून जें दिसतें, तो दोषच नसतो. इ. स. १९३७ च्या सुमारास निघालेल्या लँडेरॉन ४८ या स्विस यंत्रांत वरचें बटन केवळ सुरू करतें; खालचें बटन पहिल्या दाबानें थांबवितें व दुसऱ्या दाबानें शून्यावर आणतें. इतर बहुतेक क्रोनोग्राफांत वरचेंच बटन सुरू करतें व थांबवितें. ही परंपरा ठाऊक नसलेला घड्याळजी ‘वरच्या बटनानें काटा थांबत नाहीं’ म्हणून धडधाकट यंत्र खोलून बसेल. इतिहासाचें ज्ञान येथें शोभेचें नसून चिमट्याइतकेंच उपयोगी आहे.

नागपूरच्या हवेनें या कामांत स्वतःची भर घातली आहे. उन्हाळ्यांत पारा ४५ अंश सेंटिग्रेडच्या वर चढतो, तेव्हां तेल पातळ होऊन जागा सोडतें. जुन्या घड्याळांतील प्राणिज तेल तर कालांतरानें डिंकासारखें घट्ट होतें, आणि त्यांत धूळ बसते. अशा वेळीं जोडचाकाच्या दात्यांवर थेंबभर तेल सोडण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण ते दाते कोरडेच राहावयाचे असतात.

याहून मोठी अडचण सुट्या भागांची. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले; इ. स. १९६१ मध्यें बंगलोरास सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें एचएमटीचीं घड्याळें होऊं लागलीं, तरी स्विस क्रोनोग्राफांचे भाग त्यामुळें मिळाले नाहींत. ता. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानांत सेईको कंपनीचें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आलें, आणि पुढील काळांत जुन्या यंत्रांचे अनेक कारखानेहि थंडावले. आपल्याकडील कारागिरांनीं मग एका घड्याळाचा भाग दुसऱ्यास लावून, फिकट तबकड्या पुन्हां रंगवून शेंकडों घड्याळें चालतीं ठेविलीं. परदेशीं संग्राहक अशा घड्याळांस हेटाळणीनें ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. या हेटाळणींत अर्धेंच सत्य आहे. टंचाईच्या काळांत घड्याळ बंद पडूं न देणें हें कसबच होय, व तें मान्य केलें पाहिजे. मात्र केवळ विक्रीसाठीं मूळ अक्षरें खरवडून नवीं लिहिणें हें कसब नव्हे. त्यानें त्या वस्तूचा पुरावा कायमचा पुसला जातो.

म्हणून आज सीताबर्डीच्या किंवा महालच्या एखाद्या घड्याळजीपुढें आजोबांचा क्रोनोग्राफ आला, तर त्यानें काय दुरुस्त केलें याबरोबरच काय तसेंच राखलें, हेंहि विचारावें. बदललेला भाग मालकास परत द्यावा व काय केलें तें कागदावर लिहून ठेवावें. वीस वर्षांनीं तें घड्याळ पुन्हां ज्याच्या हातीं उघडेल, त्याला दोष शोधतांना त्या चार ओळी सर्वांत आधीं उपयोगी पडतील.