चूक लगेच कळावी म्हणून

शाळेत संगणक आला की आपल्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, मुलांना शिकवायचे काय? यंत्राच्या भागांची नावे, की यंत्राला काम सांगण्याची रीत? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजने १९६४ साली दिले.

त्या काळी बहुतेकांना संगणकाशी थेट बोलता येत नसे. भोके पाडलेल्या कार्डांवर आज्ञा उतरवायच्या, गठ्ठा संगणक-कक्षात द्यायचा आणि वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी ते कळायला कधी कधी दिवस जाई. डार्टमथला तर आधी संगणकच नव्हता. गणिताचे प्राध्यापक थॉमस कुर्ट्झ कार्डे घेऊन आगगाडीने बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.त जात.

कुर्ट्झ आणि त्यांचे सहकारी जॉन केमेनी यांना एक गोष्ट खटकत होती. कॉलेजातील बहुतेक विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते. उद्या कारभार पाहणाऱ्या या मुलांनी संगणक कधी हाताळलाच नाही, तर त्याविषयीचे निर्णय ती कशी घेणार? यावर दोघांनी दोन उपाय योजले.

पहिला उपाय वेळेच्या वाटणीचा. एकशिक्षकी शाळेत गुरुजी एका इयत्तेला गणित घालून दुसरीकडे वळतात, तसा एकच संगणक क्षणाक्षणाने अनेकांची कामे करी. प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्याच सेवेत आहे. ही व्यवस्था उभारण्याचे बरेचसे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केले.

दुसरा उपाय म्हणजे 'बेसिक' ही सोपी भाषा. देवनागरीत लिहायचे तर तिच्यातील छोटी आज्ञावली अशी:

१० लेट अ = ५
२० प्रिंट अ * अ
३० एन्ड

पहिली ओळ 'अ'ला ५ ही किंमत देते, दुसरी वर्ग छापते, तिसरी थांबवते. मग 'रन' म्हटले की उत्तर २५. आज्ञा चुकीची लिहिली तर यंत्र तसे लगेच सांगे. तेवढी ओळ सुधारून पुन्हा 'रन'. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमारास या भाषेतील पहिल्या आज्ञावल्या चालल्या. वाचनालयातील पुस्तकांप्रमाणे संगणकही सर्व विद्यार्थ्यांना खुला असावा, असे केमेनी मानत.

पुढे बेसिकवर टीकाही झाली. 'गोटू' या आज्ञेने कोठूनही कोठेही उडी मारता येते, त्यामुळे विचारांचा गुंता होतो. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी तर १९७५ साली लिहिले, की या भाषेने विद्यार्थ्यांना वाईट वळण लागते. त्यात तथ्य होते. पण चूक लगेच दाखवून ती मुलालाच सुधारू देण्याचा गुण त्याने खोटा ठरत नाही.

भारतात १९८४ साली 'क्लास' प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत बी.बी.सी. मायक्रो संगणक आले. त्यांतही बेसिक होतीच. आज भाषा बदलल्या आहेत, यंत्रेही. तरी संगणक-साक्षरता मोजताना आपण एवढे जरूर विचारावे: शाळेत संगणक किती, यापेक्षा स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करण्याची संधी किती मुलांना मिळाली?