सनद राखणारा वृक्ष

नाण्यावर आपण सहसा राजांची मुखे, मुकुट, सिंह वा गरुड पाहतो. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात आपल्या ५० घटकराज्यांच्या गौरवार्थ पाव डॉलरची नाणी काढली. त्यांतील पाचवे नाणे कनेटिकटचे. त्याच्या एका बाजूस वॉशिंग्टन आहेत, तर दुसऱ्या बाजूस फांद्यांचे जाळे पसरलेला एक पर्णहीन ओक वृक्ष. एखाद्या राज्याने वीरपुरुषाऐवजी वृक्षाची निवड का करावी, या प्रश्नाने आम्हांला त्या राज्याच्या इतिहासाकडे नेले.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६२ साली या वसाहतीला सनद देऊन स्वशासनाचे व्यापक अधिकार बहाल केले. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या जेम्सला ते खुपू लागले. सनद परत घेण्यासाठी त्याचा गव्हर्नर सर एडमंड अँड्रॉस १६८७ च्या ऑक्टोबरअखेर हार्टफर्ड येथे दाखल झाला. आख्यायिका सांगते, की वाद रंगला असता मेणबत्त्या एकाएकी मालवल्या आणि त्या पुन्हा पेटल्या तेव्हा मेजावरची सनद नाहीशी झाली होती. कॅप्टन जोसेफ वॉड्सवर्थ याने ती ओकच्या ढोलीत दडवली होती.

इतिहास मात्र अधिक मितभाषी आहे. वसाहतीच्या कामकाजाची वही तेव्हा 'समाप्त' या अर्थाच्या लॅटिन शब्दाने मिटली गेली. म्हणजे सत्ता गेली होती. राहिला तो कागद. १६८९ मध्ये जेम्सच्या पतनाची वार्ता येताच बोस्टनमध्ये अँड्रॉसला कैद झाली आणि कनेटिकटने त्याच सनदेनुसार पुन्हा कारभार सुरू केला. तो १८१८ पर्यंत चालला. विधिमंडळाने १७१५ मध्ये सनद सांभाळल्याबद्दल वॉड्सवर्थला २० शिलिंग दिले. त्या ठरावात वृक्षाचा उल्लेखही नाही!

तरीही लोकमानसाने वृक्षालाच मान दिला. २१ ऑगस्ट १८५६ च्या वादळात तो कोसळला, तेव्हा त्याच्या लाकडाचे तुकडे लोकांनी पवित्र अवशेषांप्रमाणे जपले. १९३५ च्या स्मारक अर्ध्या डॉलरवरही तोच वृक्ष अवतरला.

एक गोष्ट मात्र नाणे सांगत नाही. ज्या भूमीची सनद राजाने दिली, तिच्या मूळ रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. ओकची पालवी पाहून ते मक्याची पेरणी करीत, अशी परंपरा आहे. वृक्ष त्यांचाही होता. सत्तेपुढे लेखी वचन जपणाऱ्यांचे कौतुक करावे. परंतु ते वचन कोणाच्या भूमीवर लिहिले गेले, याचेही स्मरण ठेवावे, असे आम्हांला वाटते.